पुलाची फळी

टाइस्तोने कॉफीचा कप मुलीजवळ ठेवला. आउटी दुपारपासून गेमला चिकटली होती. पडद्यावर तिची बाहुली गावाच्या पुलाला फळ्या ठोकत होती.

"या गावाचा मालक कोण?" त्याने विचारलं. पेपर मिलच्या युनियनमध्ये हाडं झिजवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार!

"कुणीच नाही, बाबा. ज्याला जमेल त्यानं लाकूड आणायचं, ज्याला लागेल त्यानं न्यायचं."

"हेच मागताना आमचे घसे बसले. तुम्हाला आयतं मिळालं, तेही खेळात."

"तेही सहा वाजेपर्यंत. कंपनी आज हा गेम कायमचा बंद करतेय."

टाइस्तोने घड्याळ पाहिलं. पावणेसहा झाले होते.

"मग पूल कशाला ठोकत बसलीयस, वेडाबाई?"

"मिल बंद झाली त्या दिवशी तू मशीनला तेल घालत बसला होतास. आई जेवायची थांबली होती."

"अगं, सकाळच्या शिफ्टला मशीन कोरडं मिळायला नको म्हणून..."

बोलता बोलता तो थांबला. सकाळची शिफ्ट यायचीच नव्हती.

मग गुडघ्यांवर हात टेकत तो तिच्या शेजारी बसला.

"ती डावीकडची फळी अजून हलतेय बघ."