डाव्या हाताचं बोट

म्हातारीने पेटीतली हाडं झाडाच्या मऊ सालीवर एकेक करून मांडली आणि डाव्या हाताशी येऊन ती थांबली.

"एक बोट कमी आहे, पोरी."

ती इथल्याच, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींपैकी. आपल्या पूर्वज बाईला प्रयोगशाळेतून नेऊन पुन्हा मातीत ठेवायला आली होती.

"वय काढायला ते दळून जाळावं लागलं, मावशी," संशोधक सुमेधा उत्साहाने म्हणाली. "म्हणून तर सिद्ध झालं. चाळीस हजार वर्षं! तुमचे लोक तेव्हापासून इथले आहेत."

"ते आम्हाला ठाऊकच होतं. विचारलं असतंस तर सांगितलं असतं."

म्हातारीने रिकाम्या जागेवर स्वतःचं बोट टेकवलं. सुमेधाला एकदम वडिलांच्या अस्थी आठवल्या. तिसऱ्या दिवशी सगळे निघू म्हणत असताना तिने राख पुन्हा चाळली होती, हाडाचा कणही मागे राहू नये म्हणून.

"हिला अशी अर्धवट कशी पुरू?" म्हातारी म्हणाली. "निदान राख तरी दे."

सुमेधाची नजर कोपऱ्यातल्या बेसिनकडे गेली. उरलेली चिमूटभर भुकटी तिनेच तिथे धुऊन टाकली होती, नळ मोठा सोडून.