रोटोरुआतला पाडवा

टूरमधल्या सुलभाताईंनी आमटीचा पहिला भुरका मारला आणि त्या पाण्याच्या ग्लासाकडे झेपावल्या. गणेशरावांच्या तोंडात भाजीचा घास तसाच राहिला. गिळवेना आणि पाडव्याच्या दिवशी थुंकवेना. टेबलाच्या टोकाला बसलेले गोपीनाथराव मात्र अजून वाहवेची वाट बघत होते. ती मिळेना म्हणून त्यांनी स्वतः घास घेतला. भाजी खारट, आमटी खारट. निदान श्रीखंड तरी, म्हणून त्यांनी बोट बुडवलं, तर तेही जणू समुद्रातून उपसून आणलेलं. भात आणि पुऱ्या तेवढ्या बऱ्या होत्या, पण त्या खायच्या कशाशी?

"सुमती! काय केलंस हे?"

"चुकलं हो," सुमतीबाई पदराने कपाळ पुसत म्हणाल्या. "इकडचं मीठ पांढरं, साखरही पांढरी आणि पिशवीवरची अक्षरं मुंगीएवढी. त्यात नैवेद्याचा स्वयंपाक. आधी चाखून कसा बघणार?"

नैवेद्याआधी चव बघायची नाही, हा नियम न्यूझीलंडलाही लागूच होता.

गोपीनाथरावांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. ऑकलंडहून बस निघाल्यापासून त्यांनी सगळ्यांना बजावलं होतं की परदेशात पाय टाकला तरी पोट बाटवायचं नाही. गेल्या वर्षी युरोपच्या टूरवरही त्यांनी हाच बाणा राखला होता. पॅरिसमध्ये बर्गरच्या दुकानाबाहेर खुद्द फ्रेंच लोकांची ही भली मोठी रांग होती. मिलानमध्ये इटालियन माणसं आपलं सगळं सोडून बटाट्याच्या तळलेल्या काड्या खात होती. पॅरिसमध्येच बसच्या काचेला नाक लावून सुमतीबाई म्हणाल्या होत्या, "अहो, एवढी माणसं खातात. एकदा आपण बघूया का खाऊन?"

"बिचाऱ्यांच्या घरी कुणी रांधणारं नसतं, म्हणून खातात," गोपीनाथराव म्हणाले होते. "आपल्याला काय कमी आहे?" मग सगळ्यांनी आयफेल टॉवरखाली उभ्याने टूरच्या स्वयंपाकी महाराजांचं पिठलं-भात खाल्लं. टॉवर कुणी नीट बघितला नाही, पण पिठलं झकास होतं.

न्यूझीलंडला महाराज तेच होते. पण काल त्यांना इथल्या डोंगरावरून घसरगाडीत बसून खाली यायचा मोह झाला आणि त्यांची कंबर धरली. आता ते मॉटेलच्या खोलीत पालथे पडून होते. आज सकाळी टूर सांभाळणारी नीलांबरी म्हणाली, "काका, समोरच्या दुकानात व्हेज बर्गर मिळतो. एक दिवस ॲडजस्ट करू ना. हीप्स ऑफ टुरिस्ट तिथेच जेवतात."

"पाडव्याला बर्गर? आमची सुमती असताना?" गोपीनाथराव गरजले. "पंचवीस माणसांचा स्वयंपाक म्हणजे तिच्या डाव्या हातचा मळ!"

सुमतीबाई तेव्हा सुजलेले पाय खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. त्या उठल्या आणि किचनमध्ये गेल्या.

तोवर गोपीनाथरावांनी गॅलरीत गुढी उभारली. काठी मिळेना म्हणून मॉटेलच्या होडीचं वल्हं घेतलं. त्यावर साडी, तांब्या आणि कडुनिंबाच्या नावाने कुंपणाचा पाला. ते फडकताना बघून मॉटेलचा मालक धावत आला. "किया ओरा!" असा तिथला नमस्कार करून त्याने विचारलं, "तळ्यात कुणी बुडालंय का?" नीलांबरीने त्याला साखरेची गाठी देऊन परत पाठवलं. दुपारी गोपीनाथरावांनी गुढीला नैवेद्य दाखवला, डोळे मिटून प्रार्थना केली आणि मगच पानं वाढायला सांगितली.

आणि आता ही पानं जागच्या जागी टाकून सगळी मंडळी समोरच्या दुकानाकडे निघाली होती. कुणी तोंड पाडून निघालं नव्हतं, हे गोपीनाथरावांना फार लागलं. सुलभाताई तर चक्क पळत होत्या. सगळ्यांच्या मागून सुमतीबाईंनी पायात सपाता सरकवल्या.

"तूसुद्धा?"

"मला तरी हे खाववेल का? तुम्ही येताय?"

"मी उपाशी मरेन."

"बरं," म्हणून त्या गेल्या.

गोपीनाथराव एकटेच उरले. गरम झऱ्यांमुळे गावभर गंधकाचा वास होता आणि पोटात कावळे ओरडत होते. चाळीस वर्षांच्या संसारात हिचं मीठ कधी चुकलं नाही आणि आज चारचौघांत नाक कापलं गेलं. रडू यायचंच बाकी होतं. तेवढ्यात त्यांना गुढीपुढचं नैवेद्याचं ताट दिसलं. खारट तर खारट, देवाचा प्रसाद वाया घालवायचा नाही, म्हणून त्यांनी डोळे मिटून श्रीखंड तोंडात घातलं.

ते गोड होतं.

त्यांनी आमटी चाखली. मीठ अगदी बेताचं. भाजीही जशी घरी होते तशीच. गोपीनाथराव घास हातात धरून कितीतरी वेळ त्या ताटाकडे बघत बसले. नैवेद्य दाखवून ते टेबलाशी येईपर्यंत किचनमध्ये कोण होतं, ते त्यांना हळूहळू आठवलं.

ते तरातरा रस्ता ओलांडून दुकानात शिरले. खिडकीशी सुमतीबाई एकट्याच बसल्या होत्या. पाय समोरच्या लाल खुर्चीवर, पुढ्यात ट्रे, बोटाला सॉस. दुसऱ्या कुणीतरी रांधलेलं त्या सावकाश, एकेक काडी उचलून खात होत्या. इतकं निवांत जेवताना त्यांना गोपीनाथरावांनी कधी पाहिलंच नव्हतं. ओरडायला उघडलेलं तोंड त्यांनी मिटलं.

"देवाच्या ताटात मीठ बरोबर होतं," ते कसंबसं म्हणाले.

सुमतीबाईंनी खुर्चीवरचे पाय काढून त्यांना बसायला जागा केली आणि ट्रे त्यांच्याकडे सरकवला.

"असणारच," त्या म्हणाल्या. "माझं भांडण देवाशी कुठं होतं?"