वगळलेलं प्रकरण

“उचल तो डबा! ताटं काय तुझ्या डोक्यावर मांडू?”

आईचा हा रोजचा पुकारा. त्याने बटण बंद केलं, प्लग काढला आणि टॉवेल खांद्यावर टाकला.

“अंघोळ करून येतो. तोवर तूच सरकव ना.”

“हो, मी आहेच हमाल!”

डबा म्हणजे त्याच्या गिटारचा ॲम्प. जुन्या पद्धतीचा, काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा. निदान तसा तो होणार होता. व्हॉल्व्ह अजून खोक्यातच होते, आणि डबा जेवणाच्या टेबलावर पोट उघडं टाकून पडला होता.

त्याच्याभोवती पुस्तकंच पुस्तकं. एक म्हणे तार डावीकडून न्या, दुसरं म्हणे चुकूनही नेऊ नका. व्हिडिओतला दाढीवाला ऐन मोक्याला नेमका बोटांनी तारच झाकायचा. कुणा जाणकाराला विचारावं, तर “आधी नीट वाचा” हा उपदेश ठरलेला. वाचून वाचूनच त्याचं डोकं उठलं होतं.

एका गोष्टीवर मात्र सगळ्यांचं एकमत होतं, आणि ती पहिल्याच प्रकरणात असायची. डबा बंद केला तरी कपॅसिटरमध्ये वीज दबा धरून बसते, माणूस मरेल इतकी. ती तार लावून उतरवा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला.

सुरुवातीला त्याने इमानाने मीटर लावला. जेवून परत यावं तर रोज शून्य. वीज आपली आपण विझून जायची, आईच्या रागासारखी. मग त्याने मीटर लावणं सोडलं, आणि ते प्रकरणही.

आईची भुणभुण काही सुटली नाही.

“एक हात खिशात ठेव. दोन्ही घातलेस तर झटका छातीतून जातो.”

“दाढीवाल्याचं ऐकून मला शिकवतेस? पायजम्याला खिसा तरी आहे का?”

दुसऱ्या दिवशी पायजम्याला खिसा शिवलेला. तोही जुन्या पडद्याचा, फुलाफुलांचा. त्याने कपाळाला हात लावला.

त्यात ती पुस्तकं पुसायची, आणि त्याने ठेवलेली खूण हटकून पहिल्या प्रकरणात जाऊन पडायची.

“पुसतेस की विसकटतेस?” तो करवादायचा.

“तूच ठेव ना मग धूळ खात!”

त्या दिवशी आई दुपारीच मावशीकडे राहायला गेली. घर कसं निवांत झालं. तेवढ्यात ड्रमवाल्या मित्राचा फोन आला.

“उद्या कार्यक्रम आहे, राजे. डबा वाजणार, की दुसरा गिटारवाला बघू?”

“वाजणार!” तो ओरडलाच.

कामावरून आल्या आल्या त्याने डबा लावून पाहिला, बंद केला, प्लग काढला, अंघोळ उरकली, उभ्याउभ्या काहीतरी पोटात ढकललं आणि टेबलाशी बसला. शेवटच्या एका तारेला डाख दिला की व्हॉल्व्ह बसवायचे. त्याने बाह्या सारल्या, तार धरली. बोटं डब्यापाशी गेली आणि फोन वाजला.

“जेवलास का रे?”

“जेवलो गं. ठेव आता, हात गुंतलेत.”

“दोन्ही?”

“आई!”

“मीटर लाव.”

“शून्यच असतं गं! कधीचा बघतोय.”

“लाव आणि आकडा सांग. तोवर मी फोन ठेवायची नाही.”

ती खरंच ठेवायची नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. दातओठ खात त्याने मीटर ओढला, टोकं टेकवली. “हे बघ, शून्य...”

चारशे.

त्याने टोकं काढून पुन्हा लावली. चारशेच. मघाशी तार धरलेला हात त्याने हळूच मागे घेतला. 

“किती रे? बोल ना!”

“आई, चारशे दाखवतोय. असं कधीच झालं नाही गं. रोज तर शून्य असतं.”

“आज कुठून असेल शून्य?” आई वैतागून म्हणाली. “आज तू अंघोळीला गेलास, तेव्हा वीज उतरवायला मी घरी होते का?”