चेहरा दाखवायचा कायदा

"पुढच्या सभेपासून प्रांतातल्या प्रत्येक नागरिकाने कॅमेरा चालू करून चेहरा दाखवावा. जो दाखवणार नाही, त्याचं नागरिकत्व रद्द."

ठिणगीने प्रस्ताव पुन्हा वाचला. मांडणारा कोण, तर हवालदार. मतदान आजच संध्याकाळी.

राज्य तसं खोटंच. नेटवरचा खेळ, नावंही सगळ्यांची टोपण. पण त्यात प्रांत होते, मंत्री होते, कर होते, आणि भांडणं तर खऱ्या राज्यापेक्षा जास्त. ठिणगी खाडीप्रांताची पाणीमंत्री होती. शाळा सोडल्यापासून तिचं सगळं जग हेच. शाळेत दाखला लागतो, दाखल्यावर बापाचं नाव लागतं, आणि नाव कुठं उमटलं की बाप माग काढत येतो. मागच्या वेळी आला तेव्हा दाराची कडी आणि आईचं मनगट, दोन्ही मोडून गेला. मायलेकींनी गाव बदललं. मनगट काही बदलता आलं नाही. आईला अजून ओला टॉवेल पिळता येत नाही, आणि पोट लाँड्रीवर.

"बसली परत खेळत," आई चादरीची घडी घालत म्हणाली.

"खेळत नाहीये. सभा आहे."

"तुझं राज्य खोटं असेल गं, पण त्यातली माणसं खरी असतात, एवढं ध्यानात ठेव."

"म्हणून तर लढतेय ना! तू नको टोकूस मधेच."

बापाला हा खेळ ठाऊक होता. तिच्या हातातून मोबाईल हिसकावून किती वेळा त्याने बघितला होता. तो प्रांताप्रांतात डोकावत असणार, याची तिला खात्री होती. टोपणनाव बदलता येतं, आवाजही खेळात बदलून मिळतो. थोबाड कसं बदलणार?

कायदा पाडायचा तर खेळात एक रीत होती. दोघांनी मिळून विरोधी गट काढायचा आणि बंद खोलीत बसून भाषण तयार करायचं. ठिणगीचा जोडीदार ठरलेला. माळी. प्रांतातला सगळ्यात सालस माणूस. त्याचा माईक बिघडलेला, त्यामुळे ती बोलायची आणि तो टाईप करायचा. गेले काही महिने तिची सगळी भाषणं त्यानेच घासूनपुसून दिली होती. एकदा तिच्या बोलण्यात मधेच भोंगा वाजला तेव्हा त्याने विचारलं होतं, कसला गं आवाज? ती हसून म्हणाली होती, "खाली बर्फाचा कारखाना आहे. गाडी भरली की बोंबलतो."

"काका, हा कायदा झाला तर मी मेले," आज ती कुजबुजली.

"घाबरू नकोस बेटा," माळीने लिहिलं. "लेकीबाळींना चेहरा दाखवायला लावणं मलाही पटत नाही. पाडू आपण."

एवढं वाचूनच तिला जरा धीर आला.

सभा भरली. हवालदाराचा आवाज नेहमीसारखा खरखरीत.

"ज्याच्या मनात काळंबेरं नाही, त्याला कॅमेऱ्याची भीती कशाला? काय गं ठिणगी, तुझ्या चेहऱ्यावर काय पाणीपट्टी बसलीये?"

सगळे खिदळले. ठिणगीची कानशिलं तापली.

"तुमचं दार कधी कोणी लाथेने उघडलंय, हवालदार? नाही ना? मग तोंड बंद ठेवा!"

हसणं थांबलं. मग हवालदार हळू म्हणाला, "पोरी, म्हणूनच सांगतोय. जरा ऐक."

"नाही ऐकत!"

त्याचं ऐकणं तिने कधीच सोडलं होतं. पाणीपट्टीवरून वाजलं तेव्हाच त्याला खासगीत ब्लॉक करून टाकलं होतं.

मतं पडायला लागली. एक बाजूने, एक विरोधात. खाली कुणाचा पाय जिन्यावर वाजला तरी ठिणगी दचकत होती. शेवटी मतं बरोबरीत अडली आणि फक्त माळी उरला.

त्याचं मत बराच वेळ आलंच नाही. तिने दारापर्यंत जाऊन कडी चाचपली. परत आली.

विरोधात.

कायदा पडला. ठिणगीने उशीत तोंड खुपसलं आणि हसली की रडली ते तिलाच कळलं नाही.

"जिंकलीस वाटतं," आई म्हणाली. तिने धुतलेल्या चादरींचं गाठोडं काखोटीला मारलं. "बरं झालं. टेम्पो यायचा आहे, हे खाली देऊन येते. कडी लाव."

ठिणगीने कडी लावली. किती दिवसांनी तिला भूक लागल्यासारखं वाटलं. जिंकलेल्या माणसाने जरा मोठ्या मनाने वागावं म्हणून, आणि थोडं खिजवावं म्हणूनही, तिने हवालदाराला ब्लॉकमधून मोकळं केलं.

"काय मग, हवालदार? आपटलात ना?"

त्याचं उत्तर लगेच आलं.

"आपटलो. आता तरी ऐक. कोणीतरी खोट्या नावांनी एकेकाला खासगीत गाठून विचारतोय, तापट डोक्याची मुलगी आहे का, आईचं मनगट अधू आहे का. सभेत बोललो असतो तर तो सावध झाला असता. आहे आपल्याच प्रांतातला. कोण, ते मला कळेना. चेहरे उघडे पडले असते तर तू एका नजरेत ओळखलं असतंस."

ठिणगीने ते दोनदा वाचलं. आता काय करायचं? एकच माणूस होता विचारायला. तिने माळीची खोली उघडली. त्याचा निरोप आधीच येऊन पडला होता.

"अभिनंदन बेटा. कडी काढ आणि खाली ये. आईला गाठोडं जड होत होतं, मी धरलंय."