लोटलेलं दार

शेवटचा भाग सुरू झाला तेव्हा टेलरकाकू कोटाच्या बाहीला हातानं अस्तर लावत होत्या. एक कान फोनला दिला होता, दुसरा दुकानाला. गिऱ्हाईक आलं तर कळायला नको? कानातली ती पांढरी गोळी लेकीनं बसवून दिली होती.

"दक्षिणेकडच्या एका लहानशा गावातली ही खरी गोष्ट," कानात पॉडकास्टवाली म्हणाली. प्रत्येक भागाची सुरुवात हीच. आपलं गाव दक्षिणेला आहे हे गावात कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. शहरातून येऊन या बाईनं सांगितलं तेव्हा कळलं. आणि ज्याच्या घरी बसून तिनं त्याचं बोलणं टिपून घेतलं होतं, तो गावचा कुलूपवाला मोठा अवलिया माणूस होता, हेही तेव्हाच कळलं. होता तोवर कोणी ढुंकून बघितलं नाही. गेला, त्याचा आवाज घरोघर ऐकू यायला लागला, आणि जो तो त्याचा जिवलग झाला. बेकरीवाला तर सांगत सुटला होता, आमचं दोघांचं पान हलायचं नाही एकमेकांवाचून!

टेलरकाकू काही सांगत नव्हत्या. त्या कुलूपवाल्याच्या सख्ख्या थोरल्या बहीण. आईच्या कपाटावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. कपाट वाळवीनं कधीच खाल्लं. अबोला तेवढा शाबूत राहिला.

"आई, आज तरी मामा तुझं नाव काढतो का?" लेक आतल्या खोलीतून ओरडली. ती कॉलरींना इस्त्री करत होती.

"काढेल की. मेल्यानं सगळ्या गावाची नावं घेऊन झाली, मीच तेवढी..." शब्द तोंडातून गेला आणि काकूंनी जीभ चावली. लहानपणापासून त्याला हीच शिवी घातली होती. आता ती शिवी राहिली नव्हती.

त्यांना नाव नकोच होतं. त्यांना एवढंच हवं होतं, की त्या दुपारी तो घरात होता की नव्हता.

त्या दुपारी काम टाकून त्या त्याच्याकडे गेल्या होत्या. पुरे झालं आता, म्हणून. दार वाजवलं, थांबल्या, पुन्हा वाजवलं. कोणी आलं नाही. नसेल घरात, असं म्हणत त्या परतल्या आणि अर्ध्या वाटेत मनानं घेतलं, की असेल. मुद्दामच उघडलं नसेल. पुढच्या आठवड्यात तो गेला. तेव्हापासून हा काटा आत सलत होता. लेकीलाही त्यांनी हे सांगितलं नव्हतं.

कानात भाऊ बोलत होता. पॉडकास्टवालीनं विचारलं होतं, गावभराची कुलपं दुरुस्त करता आणि तुमच्या दाराला साधी कडी नाही?

"चोर येऊन नेणार काय? कुलपंच ना? नेऊ दे. उघडायला परत माझ्याकडेच येईल!"

काकूंना हसू फुटलं. विनोद जुनाच होता त्याचा.

मग कानातच आवाज आला. टक टक टक.

काकूंचा हात थांबला. बारीक, टणक आवाज. बोटांचा नव्हे, धातूचा. त्यांनी आपल्या मधल्या बोटाकडे बघितलं. सुई टोचू नये म्हणून घालायचं लोखंडी टोपण, अंगुस्तान. त्या दिवशी अर्ध्या टाक्यावरून उठून गेल्या होत्या, ते काढायचंही राहिलं होतं. त्याच हातानं दार वाजवलं होतं.

म्हणजे होता. घरातच होता!

"कोणीतरी आलंय," पॉडकास्टवाली म्हणाली. "मी बघू का?"

"राहू द्या हो. असेल कोणी परकं." किल्ल्या खुळखुळल्या. "दार नुसतं लोटलेलं आहे."

टक टक टक.

"पण घरातलं कोणी असलं तर?"

"घरातलं?" किल्ल्यांची खुळखुळ थांबली. "घरातली म्हणाल तर एक आमची ताई. ती कशाला दार वाजवतेय? दार ढकलून सरळ आत येईल आणि आल्या आल्या मला चार शिव्या हासडेल. चोराचं मी आपलं गमतीनं म्हणतो. कडी बसवली नाही ती तिच्यासाठी. बाहेरून आली आणि दार आतून लागलेलं दिसलं, तर तशीच फिरेल. मानी आहे फार."

पायरीवरून चपला उतरल्याचा आवाज आला. मग तोही नाहीसा झाला. पॉडकास्टवालीनं पुढचा प्रश्न विचारला.

काकूंनी कानातली गोळी काढून ठेवली. कोट मांडीवरून घसरला तो उचलला नाही. नुसतं ढकलायचं होतं. हात लावला असता तरी उघडलं असतं. त्या घरात आपलं माणूस दार वाजवून कधी आलं नव्हतं, आणि त्या मात्र पाहुणीसारख्या बाहेर उभ्या राहिल्या होत्या.

त्यांचा हात आपसूक मशीनच्या फळीवर गेला. टक टक टक.

"आई, बघ गं," लेकीनं आतून हाक दिली. "दारात कोण आलंय?"

काकूंनी फळी पुन्हा वाजवली.

"कोण आहे?" लेकीनं पुन्हा विचारलं.

"मी आहे," काकू म्हणाल्या. "मी आहे रे."