देवळ्याचा शिंपी

आबिदा इथंच राहते का, असं अहिरे सरांनी तिसऱ्या दारात विचारलं, तेव्हा आबिदाच बाहेर आली. तिने त्यांना लगेच ओळखलं. हातातली केरसुणी दाराआड टाकून तिने ओढणी सारखी केली आणि सतरंजी अंथरली.

दिंडोरीत ती नवऱ्याबरोबर दोन खोल्यांत राहत होती. हंगामात द्राक्षांच्या पेट्या भरायला जायची. वर्गात कायम पहिली येणारी, मास्तरीण होणार म्हणून सगळ्यांना सांगत सुटणारी पोरगी ती. सरांना तिच्याकडे बघवेना.

त्यांच्या खिशात बोर्डाच्या नावाचं पत्र होतं. नोकरीची दोन वर्षं उरली होती, आणि हे पत्र पोस्टात पडलं की तीही जाणार, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी सकाळी गंगापूर रोडवरच्या घरून निघताना त्यांनी बायकोला सांगितलं होतं, की आबिदा हो म्हणाली तर आजच टाकतो. आठ वर्षं हा दगड छातीवर घेऊन झोपणं आता होत नव्हतं.

गोष्ट शहात्तर सालची. सर तेव्हा इथून जवळच्याच एका खेड्यातल्या शाळेत होते. तीन वर्षं त्या शाळेला इंग्रजीचा मास्तर मिळत नव्हता. मिळाले ते अहिरे, आणि त्यांचा विषय इतिहास. बाकीचं व्याकरण त्यांनी कसंबसं रेटलं, पण 'हू' आणि 'व्हिच'पाशी गाडी अडली ती अडलीच. आपलं मराठी कसं सरळ. जो माणूस काल आला तो माझा मामा. 'जो' आला की मागोमाग 'तो' येणारच. इंग्रजीत माणूस आधी, त्याला चिकटून 'हू', आणि 'तो'चा पत्ताच नाही. सरांनी आठवडाभर तो 'तो' शोधला. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

शेवटी त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. 'द टेलर हू स्टिच्ड माय कोट लिव्हज इन देवळा.' माझा कोट ज्याने शिवला तो शिंपी देवळ्याला राहतो. पाठ करा म्हणाले, काहीही विचारलं तरी हेच ठोका.

बोर्डाने विचारलं, 'हू' वापरून स्वतःच्या मनाने एक वाक्य लिहा. झालं! पोरांनी इमानेइतबारे शिंपी उतरवला. ज्यांच्या अंगाला जन्मात कोट लागला नव्हता, त्या पोरांचे आणि पोरींचेही कोट देवळ्याच्या एकाच शिंप्याने शिवले. पेपर तपासणारा आधी पोट धरून हसला असेल. मग त्याने वर कळवलं, सामूहिक कॉपी.

चौकशीला साहेब आले. तीस पेपरांत एकच वाक्य कसं, हे तुम्ही शिकवलंत का, असं त्यांनी सरांना विचारलं. वर्गात पोरं एकतीस. एखाद्याने प्रश्न सोडला असेल, असं सरांनी धरलं. खरं बोलावं, तर मास्तरलाच विषय येत नाही हे चव्हाट्यावर येणार. सर म्हणाले, मला काही कल्पना नाही. एवढं बोलून ते खाली मान घालून घरी निघून गेले.

महिन्याभराने निर्णय आला. तीस जण सुटले. चिठ्ठी फिरवली म्हणून एकटी आबिदा तीन वर्षांसाठी बाद. चिठ्ठी कसली नि काय, हे सर चांगलं जाणून होते. फाईल मिटवायला कोणाचं तरी नाव लागतं, साहेबांनी हुशार पोरीचं उचललं, एवढंच त्यांच्या ध्यानात आलं. तरीही ते मूग गिळून गप्प बसले. त्याच वर्षी तिच्या बापाने तिचं लग्न लावून दिलं.

हे सगळं त्यांनी आज सतरंजीवर बसून, चहा निवेपर्यंत सांगितलं. मी भित्रा होतो, म्हणाले. मग पत्र तिच्या हातात दिलं.

आबिदाने ते दोनदा वाचलं आणि होती तशी घडी घातली.

"सर, हे पाठवू नका. तुमच्या वाक्याने माझं काही बिघडलं नाही. मी ते लिहिलंच नव्हतं. मामूंच्या जुन्या पुस्तकातून तो धडा मी घरीच शिकले होते. माझं वाक्य माझं होतं."

सरांना काही उमजेना. मग चिठ्ठीचं साहेबांना सांगितलं कोणी, त्यांनी विचारलं.

"साहेब व्हरांड्यात म्हणाले, कोणी कबूल झालं नाही तर तिसांचाही निकाल रद्द. पोरं तुमचं नाव घ्यायला उठली होती. तुम्ही गेला असता तर शाळेला दुसरा मास्तर कुठून मिळणार होता? पुढल्या साली माझी धाकटी बहीण दहावीला होती." तिने निवलेला चहा परत स्टोव्हवर ठेवला. "मग मीच आत गेले आणि म्हणाले, चिठ्ठी मी फिरवली, पकडली जाऊ नये म्हणून माझ्यापुरतं तेवढं वेगळं लिहिलं."