नवे पाटे

गाडीखालून आधी रंगनाथ मिस्त्रीचे ग्रीसने माखलेले पाय बाहेर आले, मग तो स्वतः.

"वकीलसाहेब, मागच्या स्प्रिंगचा एक पाटा तुटल्याला हाय अन् शॉकअप तर पार मेल्यात. गाडी चालती कशी, ह्येच नवल."

"चालते म्हणून तर घेतली," राधाकृष्ण हसला. शेवगावच्या कोर्टात त्याचा नुकता जम बसत होता आणि नगरच्या एका कंत्राटदाराकडून घेतलेली ही जुनी अ‍ॅम्बॅसिडर त्याला पोटच्या पोरासारखी होती.

विजयमाला हसली नाही. पोटचं पोर तिच्या मांडीवर होतं. गॅरेजच्या दारात बाकड्यावर ती गोरखला घेऊन बसली होती आणि तिची नजर त्याच्या मानेवर होती.

मध्यंतरी तिसगावच्या रस्त्याला गाडी अशी आदळली होती की लेकराची मान लटकन मागे गेली. तेव्हापासून तिच्या जिवाला चैन नव्हतं. खरं तर त्याच्याही आधीपासून नव्हतं. पोराचं काहीतरी चुकतंय असं तिला वाटायचं आणि काय, ते काही केल्या सापडायचं नाही. दूध पीत होता, ताप नव्हता, दात वेळेवर आले होते. मान मागे गेली आणि तिच्या काळजीला एकदाची जागा मिळाली.

"मढीला नाथांकडे जावळ काढायला जायचंय ना? मग आधी पाटे बदला," ती म्हणाली. "नाहीतर मी त्याला घेऊन या गाडीत बसायची नाही."

"अगं, त्याला आवडतं ते! खड्डा आला की मी 'धडाम' म्हणतो आणि हा कसा खदखदून हसतो. इतकं मन लावून माझं कुणी ऐकत नाही, विजू. न्यायाधीशसुद्धा नाही."

"हसू दे. पण मान सांभाळून हसू दे."

घरी चांगुणाबाईंनी सुनेला चांगलंच धारेवर धरलं. "चार बुकं शिकली की लेकरू काचंचं हुतं का गं? आमी बैलगाडीत पोरं वाढवली. कुनाची मान गळून पडली?"

"बैलगाडी एवढी पळत नाही, आई."

"लई गुनाचं पोरगं हाय माजं. शेजारी लग्नाची वाजंत्री वाजली, पर म्हाराजांची समाधी मोडली न्हाई. नाथांचं नाव लावलंय, नावाला जागतंय. तूच उगं त्येला उलटापालटा करून बघत बसती."

विजयमालाने गोरखचं झबलं नीट केलं. मूल शांत आहे ही काय तक्रार झाली?

शेवटी राधाकृष्णाने हात टेकले. रंगनाथने मागे नवे पाटे चढवले, दणकट शॉकअप बसवले, झिजलेले रबर बदलले. गाडी ताब्यात देताना त्याने मागे डिकीवर दोन्ही हातांनी दाब दिला. गाडी एकदा खाली बसली, वर आली आणि जिथल्या तिथे थांबली.

"बघा वहिनी. आता वळनावर झुकायची न्हाई, खड्ड्यात आदळायची न्हाई. पाळन्यात बसल्यावानी जावा."

मढीला निघाले त्या सकाळी रस्ता खडीच्या ढिगांनी अर्धा अडला होता. दुष्काळी कामावरची माणसं डोक्याला फडकी बांधून बसली होती. धुळीमुळे काचा वर घेतलेल्या. मागे सासूच्या शेजारी, गोरखला मांडीवर घेऊन विजयमाला बसली होती.

पहिल्याच वळणावर राधाकृष्ण हरखला. "बघितलं? पूर्वी इथं मला दोन्ही हातांनी चाक आवळून धरावं लागायचं!"

मग ओढ्यावरची मोरी आली. तिच्या अलीकडचा खड्डा गोरखच्या खास आवडीचा.

"धडाम!" राधाकृष्ण ओरडला.

गाडी अलगद खाली गेली, अलगद वर आली. गोरख हसला नाही.

"अरे? गोरखनाथ महाराज! ध-डा-म!"

पुढचाही खड्डा तसाच सरला. गोरख समोरच्या सीटची शिवण बघत होता.

"नजर लागली," चांगुणाबाई म्हणाल्या. "तरी म्हनत हुते, काजळाचं बोट लाव."

"मिस्त्रीनं गाडीबरोबर पोरगंही गुळगुळीत करून दिलेलं दिसतंय," राधाकृष्ण म्हणाला, पण आरशात तो पुन्हा पुन्हा मागे बघत राहिला.

विजयमालाने गोरखचं कपाळ चाचपलं. थंड. हिरड्यांवरून बोट फिरवलं. मान हळूच डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. कुरकूर नाही. तिला काही उमगेना. खड्डे गेले तर हसू का जावं?

तिसगावच्या अलीकडे एक माणूस लाल फडकं हलवत रस्त्यात आडवा आला.

"थांबा, थांबा! विहिरीत सुरुंग भरल्यात."

राधाकृष्णाने गाडी बंद केली. "किती वेळ लागेल?"

"हाय अजून. विडी वढा निवांत."

विजयमालाने मनाशी ठरवून टाकलं, आवाज व्हायच्या आधी गोरखचे कान झाकायचे, पदर चांगला घट्ट धरायचा. पोरगं दचकलं तर दिवसभर रडत राहील. ती पदर सोडवू लागली, तोच सुरुंग उडाला.

तिचे दोन्ही हात आपोआप स्वतःच्याच कानांवर गेले. बांधावरच्या बाभळीतून कावळे उडाले. "आई गं!" म्हणत चांगुणाबाईंनी सुनेचा दंड धरला. राधाकृष्णाचं डोकं खांद्यांत गेलं. गाडी तेवढी नव्या पाट्यांवर जागची हलली नाही.

आपण आपलेच कान झाकले, लेकराचे नाही, हे लक्षात येताच विजयमाला शरमून त्याच्याकडे वळली.

काचेवर एक मुंगी चढत होती. गोरख तिच्या मागोमाग बोट नेत होता.

दुसरा सुरुंग पहिल्याहून मोठ्याने उडाला. लाल फडक्याचा माणूस मटकन खाली बसला. गोरखचं बोट मुंगीमागून हळूहळू वर जात राहिलं.